मी बसले की बंद पडणारी गाडी

माझं अक्षर वाचायला त्रास होईल. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी नीट जमलं नाही, आणि चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच. हात खुरप्याचा आहे, पेन धरला की बोटं आखडतात. हे कुणाला दाखवायला लिहीत नाही, तरी चुकांची माफी आधीच मागते, नाहीतर पुढचं लिहिणं होणार नाही. तोंडानं बोलायचं मला जमत नाही. चार माणसांत बोलायची वेळ आली की घसा कोरडा पडतो. जे तेव्हा बोलले नाही ते इथं लिहिते.

गोष्ट आमच्या गाडीची आहे. मालकांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, राहुरीच्या एका माणसाकडून जुनी व्हॅन घेतली. आमच्याआधी तिनं दोन घरं बघितली होती. एका दाराचा रंग बाकीच्या गाडीपेक्षा वेगळा होता. सकाळी-दुपारी शाळेची मुलं न्यायची-आणायची आणि बाजारच्या दिवशी माणसं भरायची, असा मालकांचा बेत होता. त्या गाडीची बॅटरी पुढं नाकात नव्हती. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटखाली होती. सीट वर उचलली की खाली बॅटरी आणि तिच्यापासून निघालेली जाड वायर दिसायची.

हे मला माहीत झालं ते पूजेच्या दिवशी. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, नारळ लाल फडक्यात बांधून आणला. मालक म्हणाले, समोर काचेला टांगू. आत्याबाई म्हणाल्या, "समोर टांगला तर पोलीस बी बघतो आन् नजर लावनारा बी बघतो. खाली ठेव, कुनाला दिसायला नगं." मग मालकांनी सीट उचलून दाराच्या बाजूला, खोबणीत, हलणार नाही असा घट्ट तो नारळ बसवला. मी चाकांना हळदीकुंकू लावलं. तेव्हा सगळे खूश होते.

पंचमीला मालक म्हणाले, यंदा माहेरी एसटीनं नको, आपल्या गाडीनं सोडतो. मला पुढं बसवलं. मुलगी मागं बसली, तिच्या मांडीवर लाह्यांची पिशवी. भर गावातून नवऱ्याच्या शेजारी बसून जायचं म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी डोक्यावर पदर ओढून, अंग चोरून, पार दाराला चिकटून बसले. गाडी वेशीपाशी आली, पाराजवळच्या गतिरोधकावरून उतरली आणि एकदम मेली. नुसतं इंजिन नाही, समोरचे बारके दिवे गेले, हॉर्न गेला, गाणं गेलं. चावी फिरवली तर टक् असासुद्धा आवाज येईना.

पारावर बसलेल्यांना आयती करमणूक मिळाली.

"काय शेठ, ढकलायला मानसं संगंच घ्यायची ना!"

"आरं, वहिनींना उतरव, हलकी हुईल गाडी."

मी उतरले. मालकांनी चावी फिरवली आणि गाडी सुरू झाली. पारावर टाळ्या पडल्या. "म्हनलो न्हाई मी?" असं कुणीतरी ओरडलं. त्या माणसानं ते गमतीनं म्हटलं होतं. मालक हसले नाहीत.

मी पुन्हा बसले. साखर कारखान्याच्या पुढं गतिरोधक लागला, तिथं पुन्हा तसंच झालं. मी उतरले, पुन्हा सुरू. मालक माझ्याकडं न बघता म्हणाले, "तू मागं बस." मी मागं मुलीजवळ बसले. तिथून शेवगावच्या पुढं माझ्या माहेरपर्यंत गाडी एकदाही बंद पडली नाही. माझं काय ते त्याच दिवशी ठरून गेलं.

घरी आल्यावर आत्याबाईंना कळायला वेळ लागला नाही. गावातल्या बायांनी आधीच सांगून ठेवलं होतं. त्या मला काही बोलल्या नाहीत, मला ऐकू जाईल अशा आवाजात चुलीशी बोलल्या. "आक्षी वेशीत बंद पडली. सारं गाव बघतंय. माझ्या लेकराच्या धंद्याला हिचा पाय आडवा आला."

त्यानंतर गाडी पुष्कळदा बंद पडली, मी आत नसताना. बाजारच्या दिवशी पुढं दोन माणसं कोंबून बसवली की ती कुठंतरी पडायचीच. तेव्हा मालक म्हणायचे रस्ता खराब आहे, वजन जास्त झालं, पेट्रोलात पाणी असेल. दुसरं कुणी बसलेलं असताना गाडी बंद पडली तर रस्ता वाईट, आणि मी बसलेली असताना पडली तर माझा पाय वाईट. असा हिशेब होता, आणि तो मांडताना कुणाच्या डोळ्याची पापणी हलत नव्हती.

मिस्तरी आमच्या दारात येऊन गाडी बघायचे. एक झाला, दुसरा झाला. मी ओट्यावर धान्य निवडत असायची, मला सगळं दिसायचं. मिस्तरी यायचा तो आधी सीट उचलायचा. बॅटरी बघायची तर सीट उचलावीच लागायची. लाल फडकं दिसलं की विचारायचा, "हे काय?" मालक म्हणायचे, "देवाचं हाय, जरा जपून." मग तो नारळाला हात लावून नमस्कार करायचा, उचलून बाजूला ठेवायचा, वायरी हलवून बघायचा आणि चावी फिरवायचा. सगळे दिवे लागायचे. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू.

"काय झालंय हिला? घोड्यावानी हाय की!"

मग तो नारळ होता तसाच, तिथंच, घट्ट बसवायचा, पुन्हा नमस्कार करायचा आणि सीट खाली पाडायचा. पैसे घेऊन जायचा.

बॅटरी बदलली. मग डायनामो बदलला. मग चावीचं कुलूप, मग पेट्रोलचा पंप. प्रत्येक वस्तू बदलल्यावर गाडी थोडे दिवस नीट चालायची आणि मालकांना वाटायचं, सापडलं. मग एखाद्या सकाळी शाळेच्या वाटेवर पुन्हा मेलेली असायची. मुलं उन्हात रस्त्याच्या कडेला उभी. आईबापांचे फोन येऊ लागले. काहींनी मुलं दुसऱ्या गाडीला लावली.

हातातले पैसे संपले तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "जिच्या पायानं झालं तिच्या घरून येऊ दे."

मी मालकांकडं बघितलं. ते बुटाची नाडी सोडत बसले होते. ती नाडी कितीतरी वेळ सुटत नव्हती.

मग त्यांनीच माझ्या भावाला फोन लावला आणि मोबाईल माझ्या हातात दिला. मला रडूच आलं. भाऊ माझ्यापेक्षा धाकटा आहे. तो म्हणाला, "आक्का, रडतीस कशापायी? किती लागत्यात?" मालकांनी हळूच आकडा सांगितला. मी म्हटलं, पंचवीस हजार. तो म्हणाला, "गायीचे ठेवलेत तुज्या वहिनीनं. घेऊन येतो." तेव्हा मालकांनी मोबाईल घेतला आणि मोठ्या आवाजात म्हणाले, "गाडी सुदारली की पयले तुजे पैसे. शब्द हाय माझा."

वहिनीनं ते पैसे दुधातून साठवले होते. तिला दुसरी गाय घ्यायची होती. मी नंतर माहेरी गेले तेव्हा ती दारातच म्हणाली, "या वन्सं. एकच गाय हाय, ती बी आटलीय. कोरा च्या चालंल ना?" भाऊ तिच्यावर डोळे वटारत होता. मी म्हटलं, चालेल. तो कोरा चहा पिताना मला एकच कळत होतं, की बाकी काही होवो न होवो, या बाईचे पैसे तिच्या हातात परत गेले पाहिजेत. माझा पाय चांगला का वाईट हे कुणी ठरवणार नव्हतं. पैसे तरी फेडता येतात.

पण पैसे घालूनही गाडी सुधारली नाही. आत्याबाईंनी मला गाडीत बसायची बंदी केली. धुवायची मात्र मीच, बाहेरून. एकदा मी तापानं फणफणले होते. गाडी दारात उभी होती. मी फाट्यापर्यंत चालत गेले, एसटीत उभी राहिले आणि दवाखाना गाठला. घरी आल्यावर आत्याबाईंनी विचारलं, "आलीस व्हय? भाकरी कोन करनार हाय?"

हरभऱ्याचे दिवस होते. दुपारची वेळ, गावात लाईट गेलेली. मालकांनी गाडी लिंबाच्या सावलीत लावून चावी अर्धी फिरवून गाणी लावली होती आणि ते मागचं चाक धुवत होते. आत्याबाई घाटे सोलायला पाटी घेऊन आल्या. गाडीचं डाव्या बाजूचं दार उघडून त्या सीटच्या कडेवर टेकल्या, पाय बाहेर सोडून. त्या अंगानं भरलेल्या आहेत. टेकल्या आणि गाणं बंद पडलं.

"बंद का केलंस रं? चांगलं लागलं हुतं."

"मी कुटं केलं?" मालक मागून म्हणाले.

आत्याबाई उठल्या, आत वाकून बघायला लागल्या. गाणं सुरू झालं. "झालं गं बाई," म्हणत पुन्हा टेकल्या. गाणं बंद. त्यांनी गाण्याच्या डब्यावर एक चापट मारली. "ह्ये बी बिघडलं." खाली सांडलेले घाटे वेचायला त्या पुन्हा उठल्या, आणि गाणं पुन्हा लागलं.

मी भांडी घासत होते. हातातली घासणी हातातच राहिली. मी नुसती बघत बसले. दाराकडच्या त्या कडेवर वजन पडलं की सगळं जातं. मी लाजून त्या कडेलाच बसायची. बाजारच्या दिवशी कोंबलेल्या दोघांतला एक त्या कडेलाच दाबला जायचा. मालक कधी त्या सीटवर बसून बघायचे तर ऐसपैस मधोमध, म्हणून त्यांना काही दिसायचं नाही. आणि येईल तो मिस्तरी आधी सीटच उचलायचा. दुखणं दाबल्यावर उठत होतं आणि ते सगळे दाब काढून तपासत होते.

मी तिथल्या तिथं बोलले असते तर? "आत्याबाई, तुमच्या पायानं बंद पडली" एवढंच म्हणायचं होतं. जिभेवर आलं होतं. मी भांडी विसळली आणि पालथी घातली.

आत्याबाई देवळात गेल्या तेव्हा मालकांना सांगितलं.

"अहो, दाराकडं वजन पडलं की गाडी बंद हुती. आत्याबाई टेकल्या तवा गानं जात हुतं, उठल्या की लागत हुतं."

"कुनी सांगितलं तुला?"

"कुनी न्हाई. दिसलं."

ते गाडीत जाऊन बसले, मधोमध. चावी फिरवली, दिवे लागले. "कुटं काय?"

"कडंला सरका."

ते कडेला सरकले. दिवे गेले. सरकून मध्ये आले, दिवे आले. ते पुन्हा कडेला जाऊन तसेच बसून राहिले, विझलेल्या दिव्यांकडं बघत. मला वाटलं आता काहीतरी म्हणतील. इतके दिवस मी काय ऐकलं ते त्यांना ठाऊक होतं. ते म्हणाले, "आईला सांगू नगंस."

दुसऱ्या दिवशी राहुरीला गाडीच्या वायरिंगचं काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्तरीकडं जायचं ठरलं. "तू बी चल," मालक म्हणाले, "कडंला बसायला कुनीतरी लागंल." म्हणजे वजन म्हणून. मी मागं बसून गेले.

मिस्तरीचं दुकान चहाच्या टपरीला लागून होतं. तिथं रिकामी माणसं पुष्कळ. मालक सांगू लागले, "मिस्तरी, मी ध्यान देऊन बगितलं. सीट उचलायचीच न्हाई. आदी कडंला वजन टाकायचं, मग बगायचं."

"डोकं चालवलं की राव तुमी," मिस्तरी म्हणाला.

मालक हसले. मी त्यांच्या मागं दोन हातांवर उभी होते.

मिस्तरीनं दोन वायरी जोडलेला एक बारका बल्ब घेतला, मागच्या बाजूनं आडवा झाला आणि सीटखाली हात घातला. "वहिनी, बसा. रोज बसता तशाच."

मी बसले.

"आता उठा. हां, बसा. थोडं दाराकडं. आजून. उठा."

टपरीवरची माणसं ग्लास घेऊन जवळ आली. "काय चाललंय, संगीत खुर्ची का?" "वहिनी, लाजू नका, दाबून बसा, सीट घरचीच हाय." मालकही त्यांच्यात हसत होते. मी खाली मान घालून उठत होते, बसत होते. कान पेटल्यासारखे झाले होते. परक्या पुरुषांसमोर मी कधी नीट उभीसुद्धा राहिले नव्हते.

मिस्तरी मात्र कामात होता. बॅटरीच्या टोकाला बल्ब लावला की मी बसले तरी तो पेटलेला राहायचा. वायरीच्या दुसऱ्या टोकाला लावला की मी बसले की विझायचा. "ह्या दोन टोकांच्या मदी हाय," तो म्हणाला. "बॅटरी बरी हाय. वायर मेलीय." मग त्यानं सीट उचलली.

लाल फडकं होतंच. ते काढल्यावर खाली तीच जाड वायर, वरून काळी, धडधाकट. त्यानं ब्लेडनं वरचं आवरण चिरलं. आत तांब्याचा हिरवा भुगा झाला होता. चार-दोन तारा तेवढ्या एकमेकींना टेकून होत्या. मग त्यानं फडकं सोडलं. नारळ तडकलेला होता, आतलं पाणी कधीच गळून गेलं होतं. ते टोकातून त्या वायरीच्या आत मुरलं होतं.

"वरून मानूस बसला की नारळ दाबतो, वायर वाकती, तुटकी टोकं लांब जात्यात. गचका बसला की संपलं," मिस्तरी म्हणाला. "इतक्या जनांनी बगितलं आन् ह्यो परत जागच्या जागी बसवला?"

"देवाचा हाय ना," मालक म्हणाले.

नवीन वायर टाकायला चहा थंड होईल एवढाच वेळ लागला. पैसे इतके थोडे झाले की मालकांनी खुशीत टपरीवरच्या सगळ्यांना चहा सांगितला. निघताना ते मला म्हणाले, "बस फुडं." मी मागचं दार उघडून मागं बसले.

घरी मालकांनी सगळं सांगितलं, फक्त त्या दुपारचं गाणं तेवढं वगळून. आत्याबाईंनी तडकलेला नारळ हातात घेतला आणि कपाळाला लावला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बगा, समदं सोताच्या अंगावर घेतलं त्यानं. ह्यो नसता तर गाडी पेटली असती." मालकांनी मान हलवली. मी चूल फुंकत होते. मला वाटलं होतं, निदान एवढं तरी निघेल तोंडातून, की पोरीला उगीच बोललो. आत्याबाई म्हणाल्या, "आता तरी हिला फुडं बसवू नगंस. एकदा वाचलो." नवा नारळ बांधला गेला. तो मागच्या सीटखाली ठेवला.

गाडी त्यानंतर बंद पडली नाही. सोडून गेलेली मुलं परत आली, बाजाराच्या फेऱ्या वाढल्या. पैसा येऊ लागला. नवीन टायर आले, टपावर जाळी आली, मालकांना नवा मोबाईल आला. मी एकदा म्हटलं, "भावाचे पैसे?" "देऊ की. पळून चाललोय का?" काही दिवसांनी पुन्हा म्हटलं, तर म्हणाले, "त्यो मागतोय का तूच मागतीस?" आत्याबाई आतून म्हणाल्या, "बहिनीला दिलेलं कुनी परत मागतं व्हय?" त्यानंतर मी विचारलं नाही.

मी कांदा लागवडीच्या टोळीत जाऊ लागले. कुणाच्याही वाफ्यात, उक्तं काम, म्हणजे जेवढी लागवड तेवढे पैसे. थंडीच्या सकाळी गार चिखलात वाकून रोपं टोचायची. दुपारी कंबर सरळ करताना डोळ्यांपुढं अंधारी यायची. उन्हाळ्यात काढणी आणि काटणी. कांद्याची पात कापून कापून अंगठा चिरायचा आणि त्यात कांद्याचं पाणी झोंबायचं. घरात मजुरी मिळते त्याच्या अर्धीच सांगितली. राहिलेलं टोळीतल्या एका म्हाताऱ्या बाईकडं ठेवायला द्यायची, तिनं कधी एका शब्दानं विचारलं नाही कशाला म्हणून. पंचमीला, दिवाळीला, भावाकडच्या एखाद्या कार्याला माहेरी गेले की ते वहिनीच्या हातात ठेवायची. दरवेळी म्हणायची, "यांनी दिलेत." नवऱ्यानं शब्द पाळला नाही याची लाज त्याला नव्हती, माहेरी सांगायची मला होती.

परवा शेवटचे दिले. वहिनी ओट्यावर बसून मोजत होती. आता तिच्या दावणीला दोन गाई आहेत, मला दुधाचा चहा मिळाला. भाऊ शेजारी बसून बघत होता. तो म्हणाला, "आक्का, दाजी शब्दाला पक्के निघाले बघ. मी उगंच मनात काहीबाही आनलं हुतं."

मी चहा पीत होते. सांगायचं असतं तर तेव्हाच सांगायचं होतं. मी नुसतं "व्हय" म्हटलं.

"बरोबर हायेत वन्सं," वहिनी म्हणाली. "आता काय बी राह्यलं न्हाई." तिनं नोटा डब्यात ठेवल्या आणि झाकण लावलं. पैसे पूर्ण फिटले.